डमडमचा ताप आणि दुकानातली बाटली

नोव्हेंबर १९०० मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळच्या नेटली येथील लष्करी रुग्णालयात एक आयरिश सैनिक मरण पावला. महिनोन्‌महिने न हटणारा ताप, झिजलेले अंग, रक्तक्षय आणि पोटात हाताला लागणारी मोठी पानथरी (प्लीहा) एवढे घेऊन तो हिंदुस्थानातून परतला होता. त्याची पलटण कलकत्त्याजवळ डमडमला होती. अशा रुग्णांच्या आजाराला लष्करी डॉक्टरांनी नावच ठेवले होते 'डमडम फिव्हर'. विल्यम लीशमन या लष्करी डॉक्टरने मृताच्या पानथरीतला थोडा भाग काचेवर घेतला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात बारीक, गोलसर, न ओळखता येणाऱ्या वस्तू दिसल्या. त्या काय आहेत हे त्याला तेव्हा कळले नाही. पुढची अडीच वर्षे ते निरीक्षण तसेच पडून राहिले.

आज डमडम म्हटले की कलकत्त्याचा विमानतळ आठवतो. इतिहासाच्या वाचकाला आठवतात काडतुसे. बंगालच्या तोफखान्याचे मुख्य ठाणे १८५३ पर्यंत येथेच होते. जानेवारी १८५७ मध्ये येथल्याच एका खलाशी मजुराने ब्राह्मण शिपायाकडे त्याचा लोटा मागितला, त्यावरून बाचाबाची झाली आणि चरबी लावलेल्या काडतुसांची बातमी छावणीबाहेर पडली, असे तेव्हाच्या लष्करी पत्रव्यवहारात नोंदलेले आहे. अंगात शिरताच फुटणारी 'डमडम' गोळी येथल्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्लेने १८९० नंतरच्या दशकात तयार केली आणि १८९९ च्या हेग परिषदेने तिच्यावर बंदी घातली. त्या गोळीचे नाव जगभर झाले. पण भोवतालच्या सखल, पाणथळ बंगालला ज्या आजाराने पोखरले आणि ज्याला याच गावाचे नाव मिळाले, तो मात्र आपल्या आठवणीतून गेला. त्या आजाराची गोष्ट सांगायची, तर ती प्रयोगशाळेपासून सुरू करून चालत नाही. लीशमनची काच रंगवली जाण्याआधी कित्येक वर्षे बंगालच्या घराघरांत या तापावर उपाय पोहोचला होता. तो बाटलीत होता, तिच्यावर झकपक चिठ्ठी होती आणि आत काय आहे ते कुठेही लिहिलेले नव्हते.

छावणीतल्या गोऱ्या सैनिकाच्या किंवा कारकुनाच्या औषधपेटीत हमखास सापडणारे नाव म्हणजे क्लोरोडाइन. डॉ. जॉन कॉलिस ब्राउन हा लष्करी डॉक्टर. हिंदुस्थानात असताना, १८४८ च्या सुमारास, त्याने पटकीवर म्हणून हे मिश्रण तयार केले. त्यात अफूचा अर्क होता, भांगेचा अर्क होता आणि नुकताच वापरात आलेला क्लोरोफॉर्म होता. १८५६ मध्ये त्याने विक्रीचे हक्क लंडनच्या डेव्हनपोर्ट या औषधविक्रेत्याला दिले. ढाळ थांबायचे, वेदना शमायच्या, झोप लागायची. अफूने हे सगळे होतेच. पटकीचा विषार मात्र आपले काम करत राही. जाहिरात तेवढ्यावर थांबली नाही. खोकला, क्षय, दमा, हगवण, हिवताप, मज्जातंतूंच्या वेदना असे एकेक नाव यादीत चढत गेले. नकली मालाची गर्दी इतकी झाली की प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. खरा शोधक कोण हे तेथे ठरले आणि मग तो निकालच जाहिरातीत छापला जाऊ लागला. न्यायाधीशाने औषधाच्या गुणाबद्दल काही ठरवले नव्हते, फक्त मालकीबद्दल ठरवले होते. वाचणाऱ्याला हा फरक कसा कळणार?

या क्लोरोफॉर्मचा एक धागा कलकत्त्यापर्यंत येतो. प्रसूतीच्या वेदनांवर क्लोरोफॉर्म वापरणाऱ्या एडिंबराच्या सिम्सनला १८४७ मध्ये ते सुचवणारा रसायनज्ञ होता डेव्हिड वॉल्डी. तो १८५३ मध्ये कलकत्त्यास आला आणि हुगळीकाठी रसायनांचा कारखाना काढून उरलेले आयुष्य त्याने तेथेच घालवले. म्हणजे निर्मळ रसायने बनवण्याचे ज्ञान शहराच्या दारात होते. बाथगेट, स्मिथ स्टॅनिस्ट्रीट यांच्यासारख्या जुन्या औषधपेढ्याही होत्या. पण डॉक्टरची चिठ्ठी आणि त्यांच्या औषधांची किंमत गोऱ्या वस्तीला आणि थोड्या श्रीमंत बंगाली घरांना परवडणारी. बाकीच्यांसाठी उरली ती तयार बाटली.

इंग्लंडात या धंद्याला 'पेटंट मेडिसिन' म्हणत. खरे तर बहुतेकांनी पेटंट घेतलेलेच नव्हते, कारण त्यासाठी कृती उघड करावी लागे. त्यांचे सारे भांडवल गुप्ततेत होते. त्यांना जपायचे होते ते नाव आणि चिठ्ठीवरची आकृती. सरकार या बाटल्यांवर मुद्रांक-कर घेई, आणि तो सरकारी मुद्रांक पाहून गिऱ्हाईक समजे की सरकारने औषध तपासले आहे. टॉमस हॉलोवे या गृहस्थाने गोळ्या आणि मलम एवढ्यावर इतका पैसा मिळवला की त्यातून लंडनजवळ मुलींचे कॉलेज उभे राहिले. १८८६ मध्ये खुद्द व्हिक्टोरिया राणीने त्याचे उद्घाटन केले. हॉलोवेच्या जाहिराती साम्राज्यभर, अनेक भाषांत छापल्या जात आणि हिंदुस्थान ही त्याची मोठी बाजारपेठ होती. १९०९ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने असल्या औषधांचे पृथक्करण करून पुस्तकच काढले. नावाजलेल्या बीचमच्या गोळ्यांत कोरफडीचा वाळलेला रस, सुंठ आणि साबण निघाला. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग, विक्रीची किंमत एक शिलिंग दीड पेनी. म्हणजे खर्चाच्या शंभरपटीहून अधिक.

तापाकडे वळू. एकोणिसाव्या शतकात बंगालमध्ये ताप हा ऋतूसारखा होता, पावसाळा ओसरला की तो यायचा. १८६० नंतर 'बर्दवानचा ताप' हुगळी आणि बर्दवान जिल्ह्यांतून गावेच्या गावे ओस पाडत गेला. त्यात हिवताप किती आणि दुसरा कुठला आजार किती, हे तेव्हा वेगळे काढता येत नव्हते. सगळ्यांना एकच खूण ठाऊक होती: फुगलेली पानथरी. या पानथरीने साहेबी न्यायालाही एक सबब पुरवली. १८७६ मध्ये आग्र्याच्या फुलर नावाच्या वकिलाने आपल्या मोतद्दाराला मारले. तो मोतद्दार मेला. पानथरी आधीच मोठी होती, ती फुटली, म्हणून फुलरला शिक्षा झाली ती तीस रुपये दंडाची. व्हाइसरॉय लिटनलासुद्धा याची लाज वाटली आणि त्याने लेखी ठपका ठेवला. पंखा ओढणारे, घोड्याची देखभाल करणारे असे किती गरीब लोक आजाराच्या जोडीने या सबबीला बळी पडले असतील, ते आठवले की आजही मन पेटते.

तापावर एकच औषध खरे होते, क्विनिन. तेही फक्त हिवतापावर. डॉ. वॉरबर्ग यांचा अर्क वर्षानुवर्षे 'गुप्त' म्हणून विकला गेला आणि लष्करात तो फार मानला जाई. १८७५ मध्ये नेटलीच्याच लष्करी वैद्यक शाळेतले प्राध्यापक मॅक्लिन यांनी त्याची कृती छापून टाकली. रेवाचिनी, केशर, कापूर, कोरफड अशा मसाल्यांच्या गर्दीत मुख्य घटक क्विनिनच निघाला. सरकारने दार्जिलिंगजवळ मंगपू येथे सिंकोनाची लागवड केली होती. त्या सालीतून आधी स्वस्त मिश्र सत्त्व आणि मग शुद्ध क्विनिन निघू लागले. १८९२ पासून बंगालच्या टपाल कचेऱ्यांत एका पैशाला क्विनिनची पुडी मिळू लागली. माझ्या मते त्या साऱ्या काळातली औषधविक्रीतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट हीच. नाव साधे, किंमत ठरलेली, आत काय आहे ते सगळ्यांना ठाऊक.

पण पुडी कडू होती आणि गप्प होती. बाटली बोलत होती. १८७७ मध्ये टपाल खात्याने व्ही.पी.ची सोय सुरू केली आणि शहरातला औषधवाला खेड्यातल्या गिऱ्हाइकापर्यंत थेट पोहोचला. पोस्टमन बाटली आणून द्यायचा आणि पैसे घेऊन जायचा. जाहिरातीला जागा मिळाली ती पंजिकेत, म्हणजे बंगाली पंचांगात. बंगाली घरात दुसरे पुस्तक नसले तरी पंजिका असायचीच. तिथी, वार, एकादशी पाहता पाहता त्याच पुस्तकात तापाचे मिश्रण, केसांचे तेल, दंतमंजन, शाई, सुगंध दिसत. शाई आणि अत्तरे बनवणाऱ्या पी. एम. बागची यांच्या पेढीने तर पुढे स्वतःची पंजिकाच काढली. वर्षभर घरात राहणारा कागद जाहिरातीला किती मोलाचा, हे भिंतीवरच्या कॅलेंडरमागची पाने वाचत वाढलेल्या मराठी माणसाला सांगायला नको.

या पानांवर डी. गुप्त यांचे तापावरचे मिश्रण होते. बटकृष्ण पाल यांच्या मोठ्या पेढीचे 'एडवर्ड्‌स टॉनिक' होते. बंगाली माणसाच्या पेढीचे औषध, पण नाव इंग्रजी. गिऱ्हाइकाचा विश्वास कुठे आहे हे त्या दुकानदाराने अचूक ओळखले होते. आपल्याकडे मुंबईत डॉ. बाटलीवाला यांचे हिवतापावरचे मिश्रण याच जातीचे. या मिश्रणांत क्विनिन असे, तिथे हिवतापाला उतारही पडे. म्हणून त्यांचा लौकिक अगदीच खोटा नव्हता. अडचण होती ती डमडमच्या तापाची. त्याच्यावर क्विनिन चालत नव्हते. ताप चार दिवस उतरल्यासारखा वाटे आणि पुन्हा चढे. रोगी दुसरी बाटली मागवी. मग तिसरी. दीड-दोन वर्षांत कातडी काळवंडे, हातपाय काडीसारखे होत, पोट तेवढे पुढे येई. शंभरातले नव्वद जण जात. आसामात याला काला आजार म्हणत. डमडमचा ताप तोच, हे उमगायला अजून अवकाश होता.

विद्वानही चाचपडतच होते. आसामच्या काळ्या आजाराचे कारण एका डॉक्टराने अंकुशकृमी ठरवले. लिओनार्ड रॉजर्सने १८९६-९७ मध्ये तपास करून तो तीव्र हिवतापच ठरवला. ज्याने कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत डासांतून होणारा हिवतापाचा प्रसार सिद्ध केला, त्या रोनाल्ड रॉसलाही तो हिवतापच वाटला. तेव्हा चूक फक्त बाटलीवाल्यांची होती असे म्हणता येत नाही. फरक एवढाच की रॉजर्सचे मत छापील होते, दुसरा कोणी ते खोडू शकत होता, आणि ते खोडले गेलेही. बाटलीतले मत कोणाला खोडता येणार?

याच वर्षांत कलकत्त्यात एक वेगळा माणूस वेगळ्या वाटेने औषध बनवू लागला. प्रेसिडेन्सी कॉलेजातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक प्रफुल्लचंद्र राय. अप्पर सर्क्युलर रोडवरच्या ९१ नंबरच्या भाड्याच्या घरात, खिशातल्या सात-आठशे रुपयांवर, १८९२ मध्ये त्यांनी बेंगॉल केमिकलची सुरुवात केली. फॉस्फेट बनवायला हाडे हवी होती. कसायांकडून आणलेली हाडे गच्चीवर वाळत घातली. अवेळी पाऊस आला, हाडांत किडे झाले, कावळे जमले आणि शेजारी धावून आले. शेवटी तो सारा ढीग माणिकतल्याकडे मोकळ्या जागेत नेऊन जाळावा लागला. त्यांचे मित्र डॉ. अमूल्यचरण बोस यांनी अडुळसा, कालमेघ, कुडा, ओवा ही देशी द्रव्ये आधुनिक पद्धतीने, मोजून-मापून तयार करण्याचा आग्रह धरला आणि आपल्या व्यवसायातल्या डॉक्टरांना ती वापरायला लावली. १८९८ मध्ये प्लेगच्या साथीत अमूल्यबाबू गेले. १९०१ मध्ये कंपनी रीतसर नोंदली गेली आणि १९०५ मध्ये माणिकतल्याला कारखाना उभा राहिला. आपल्या पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्येच धूतपापेश्वर सुरू केले होते. तेथे शास्त्रोक्त आयुर्वेद आणि येथे रसायनशाळा, पण दोघांनीही तापलेल्या माणसाला नुसते नाव विकले नाही. घरगुती ओव्याचा अर्क 'अ‍ॅक्वा टायकोटिस' म्हणून बाटलीत आला. त्याचे नाव लॅटिन होते, पण आतला ओवा कोणापासून लपवलेला नव्हता.

याच्याच शेजारी सौंदर्यप्रसाधनांचा बाजार फुलत होता. हेमेंद्रमोहन बोस यांनी १८९० च्या सुमारास 'कुंतलीन' तेल काढले, 'देलखोश' अत्तर काढले. त्यांची जाहिरातीची युक्ती आजही कौतुकास्पद वाटते. १८९६ मध्ये त्यांनी कथास्पर्धा ठेवली. अट अशी की गोष्टीत कुंतलीन आणि देलखोशचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये. पहिले बक्षीस मिळाले ते जगदीशचंद्र बोस यांना. त्यांच्या कथेतल्या आजारातून उठलेल्या माणसाचे केस गळालेले असतात, म्हणून तो जहाजावर तेलाची बाटली घेऊन निघतो आणि खवळलेल्या समुद्रावर तेच तेल ओतून वादळ शमवतो. ही बंगालीतल्या आरंभीच्या विज्ञानकथांपैकी एक. पुढे शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या 'मंदिर' या कथेलाही हेच पारितोषिक मिळाले. तापाने गळालेले केस हा बंगाली घरातला इतका नेहमीचा अनुभव होता की त्यावर तेलाचा धंदाही उभा राहिला आणि कथाही. हेमेंद्रमोहनांनी पुढे ध्वनिमुद्रणातही हात घातला आणि रवींद्रनाथांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर उतरवला. १९२८ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा मोठा कारखाना डमडमलाच आला.

आता परत नेटलीकडे. लीशमनला पुढे एका उंदराच्या देहात कुजत चाललेले परजीवी दिसले आणि त्याला डमडमच्या सैनिकाची ती काच आठवली. ३० मे १९०३ रोजी त्याने आपले निरीक्षण ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले. मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हनने तीच वस्तू जिवंत रुग्णाच्या पानथरीतून जून महिन्यात काढून दाखवली. रॉसने दोघांची नावे जोडून परजीवीला 'लीशमानिया डोनोव्हनी' म्हटले. लीशमनचा अंदाज पूर्ण बरोबर नव्हता, तो त्याला झोपेच्या रोगाचा नातेवाईक समजत होता. पण त्याने ते लपवून ठेवले नाही. छापले, म्हणून डोनोव्हनला ताडता आले. आपल्या मताचा हट्ट सोडून रॉजर्सने १९०४ मध्ये प्रयोगशाळेत तो परजीवी वाढवला आणि १९१५ मध्ये अँटिमनीचे क्षार शिरेतून देऊन पाहिले. रोगी वाचू लागले, पण उपचार लांबलचक आणि विषारी होता.

शेवटचे पाऊल टाकले उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी. सियालदहजवळच्या कॅम्बेल वैद्यकीय शाळेत त्यांना मिळालेल्या लहानशा खोलीत वीज नव्हती, गॅस नव्हता, पाण्याचा नळ नव्हता. रात्री कंदिलावर काम चाले. १९२० मध्ये त्यांनी 'युरिया स्टिबामाइन' तयार केले आणि १९२२ मध्ये रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. महिनोन्‌महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला. आसामच्या चहामळ्यांत आणि बंगालच्या खेड्यांत मरणाचे प्रमाण झपाट्याने खाली आले. ज्या तापाला डमडमचे नाव होते, त्याचे औषध डमडमपासून थोड्याच अंतरावर, एका बंगाली डॉक्टराने, सरकारी शाळेच्या अडगळीच्या खोलीत शोधले. नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले, पारितोषिक मिळाले नाही. महाराष्ट्रातल्या शालेय पुस्तकांत रॉस भेटतो, ब्रह्मचारी भेटत नाहीत. ते भेटायला हवेत.

बाटल्यांचे काय झाले? १९३० मध्ये सरकारने औषधांच्या शुद्धतेची चौकशी करायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेतले कर्नल रामनाथ चोप्रा. समितीने भेसळ, कमी ताकदीचे क्विनिन आणि गुप्त औषधांचा सुळसुळाट यांची नोंद केली. त्यातून १९४० चा औषध कायदा आला. पेटंट औषधाच्या बाटलीवर खरी कृती किंवा घटकांची यादी छापली नसेल तर ती विकता येणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अचाट दाव्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा वेगळा कायदा १९५४ मध्ये झाला.

त्या काळातली काही नावे आपल्या घरात अजून आहेत. १८९३ मध्ये मुंबईत काशीनाधुनी नागेश्वरराव यांनी सुरू केलेले अमृतांजन आहे. १८५१ मध्ये नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्डने काढलेले ग्राइप वॉटर आहे. त्याचे मूळ तर इंग्लंडच्या पाणथळ प्रदेशातल्या बाळांच्या तापावरचा उपचार हेच होते, आणि त्यात तेव्हा चांगले साडेतीन टक्के मद्यार्क असे. आज घरात आणाल त्या प्रत्येक औषधाची मागची बाजू वाचा, मुलांना वाचायला शिकवा, आणि जिथे घटक लिहिलेले नाहीत किंवा सगळ्या रोगांवर एकच उपाय सांगितला आहे, ती वस्तू परत करा. ही मागची बाजू वाचायला मिळायला किती काळ लागला पाहा: क्लोरोडाइन हिंदुस्थानात तयार झाले १८४८ च्या सुमारास. औषधांच्या विक्रीवर बंधने घालणारी १९४० च्या कायद्याची कलमे प्रत्यक्ष अमलात आली १ एप्रिल १९४७ रोजी.